वही अकराला उघडते

माझी मावशी धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करते. बावीस वर्षांत तिने सात साहेब पाहिले आणि सातही मनातून उतरवले. पण सध्याच्या साहेबांइतके तळाला कुणीच गेले नाहीत.

यांना सगळे वहीसाहेब म्हणतात. ते वर काचेच्या खोलीत बसतात. तिथून खालचं सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. म्हणजे साहेबाला हवं तेवढंच. आल्या आल्या त्यांनी नियम काढला. तोंडी काही सांगायचं नाही, जिन्याखालच्या लाल वहीत लिहायचं. वही अकराला उघडेल आणि चारला. साहेब सही करतील, मगच मेकॅनिक यंत्राला हात लावेल.

"शिस्त म्हणे!" मावशी म्हणते. "माणूस बोललं की उत्तर द्यावं लागतं. वहीला द्यावं लागत नाही, एवढीच यांची शिस्त."

त्या दिवशी साडेअकराला तिच्या यंत्राचा पेडल बिघडला. पाय काढला की वरचं तापलेलं झाकण उचललं जाऊन वरच राहायला हवं. ते मध्येच धाडकन खाली येऊ लागलं. मावशी सावध होती, तिने हात लांब ठेवले. पण एक वाजता पाळी बदलणार होती, आणि त्याच यंत्रावर तिची धाकटी जाऊ उभी राहणार होती.

"स्प्रिंग गेलीय," मेकॅनिक म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. सही तेवढी आणा, मावशी. सहीशिवाय पाना उचलला तर मला घरी बसवतील."

मावशीने वहीत लिहिलं आणि जिना चढून वर गेली.

"वहीत लिहिलंत?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"लिहिलं."

"मग झालं तर."

"आता तुम्ही वाचा."

"चारला."

"साहेब, झाकण हातावर पडतंय. बोटं चारपर्यंत थांबतील का?"

"हे बघा बाई, प्रत्येकाचं असं तोंडी ऐकत बसलो तर मी कामं कधी करू?"

टेबलावर एक पेन होतं, एक अर्धा कप चहा होता. काम कुठे दिसेना. मावशी खाली आली.

एकला दहा कमी असताना जाऊ एप्रन बांधत आली. "ताई, चेहरा का असा?"

"तुझी बोटं वहीत अडकलीयत."

सगळं ऐकून जाऊ म्हणाली, "मी यंत्राला नाही म्हटलं तर?"

"उद्यापासून येऊ नको म्हणतील. ते मात्र तोंडी सांगतील हो, लगेच."

मग मावशी भिंतीपाशी गेली आणि वाफेचा मुख्य नळ दोन्ही हातांनी फिरवून बंद केला. आठही यंत्रं सुस्कारा टाकून गप्प झाली.

काचेआडून इतकी वर्षं काही ऐकू न येणाऱ्या माणसाला ती शांतता बरोबर ऐकू आली. साहेब जिन्यावरून असे धावत आले की एक चप्पल वरच राहिली.

"कोणी बंद केलं? का बंद केलं?"

मावशी उशीच्या खोळींच्या घड्या घालत होती. "वहीत लिहिलंय, साहेब. चारला उघडेल."

कोणीतरी फस्सकन हसलं. वर फोन वाजायला लागला. हॉटेलवाल्यांना चादरी दीड वाजता हव्या होत्या. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि एकला पाच कमी असताना, एका पायात चप्पल, वही उघडून सही केली. आभाळ काही कोसळलं नाही.

मेकॅनिकने नऊ मिनिटांत स्प्रिंग बदलली. मावशीने स्वतः वीस वेळा पेडल दाबून पाहिला, मगच जावेला उभं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुधारणा केली. तातडीच्या तक्रारींसाठी वेगळी, निळी वही. वर सुबक अक्षरात लिहिलेलं: उघडण्याची वेळ, अकरा आणि चार.

"अगं बाई, हा माणूस जन्मतः असा आहे की शिकून झालाय?" मावशी म्हणाली.

निळ्या वहीतली पहिली नोंद जावेने केली. दोन्ही पंजे कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आणि खाली लिहिलं: 'दहा. सवडीने मोजा.'