कॉलेज सोडण्याचे कारण

उमरग्याच्या कॉलेजात बंडप्पा बिराजदारांना बंडप्पा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. पोरं त्यांना ‘उद्याप्पा’ म्हणायची. ते टीसीच्या, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या टेबलावर बसायचे. दाखला मागायला येणाऱ्याला चष्म्यावरून एकदा न्याहाळायचे आणि म्हणायचे, “उद्या या.” उद्या गेलं की प्राचार्यांची सही राहिलेली असायची, परवा ग्रंथालयाची बेबाकी, म्हणजे काही देणं नसल्याची चिठ्ठी, नसायची, तेरवा शिक्का सापडत नसायचा. पोरींचे बाप शिव्या घालत जिना उतरायचे. सरकारी ढिसाळपणाचा दाखला द्यायचा तर तालुक्यात बंडप्पांचं नाव आधी निघायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

आधी ते असे नव्हते. चौदा वर्षांपूर्वी हेच बंडप्पा झटपट कामासाठी नावाजलेले होते. त्या साली राजेश्वरी नावाची तिसऱ्या वर्षाची एक हुशार पोरगी वडलांबरोबर आली. लग्न ठरलं होतं. चहा थंड व्हायच्या आत बंडप्पांनी दाखला वडलांच्या हातात ठेवला. दोन वर्षांनी ती एकटीच आली, कडेवर लेकरू घेऊन. राहिलेले चार पेपर आता देता येतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण अभ्यासक्रम बदलला होता, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती. बंडप्पांनी तसं सांगितलं. ती रागावली नाही. जाता जाता म्हणाली, “तुमी लई लवकर दिलाव सर टीसी. आमचे बाबा दुपारच्या एसटीनं माघारी निघायच्या बेतात होते. पुन्हा आले असते का न्हाय, कुणाला ठाव.”

ते बोलणं बंडप्पांच्या छातीत अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून त्यांनी आपली पद्धत बसवली. नर्सिंगला किंवा दुसऱ्या कॉलेजात निघालेल्यांना दाखला तासाभरात मिळायचा. घोळ फक्त त्यांच्या कागदांचा व्हायचा, ज्यांच्या मागं घरचा हट्ट उभा असायचा. हेलपाटे घालून बाप कंटाळायचे आणि तेवढ्यात परीक्षा उरकून जायची. अशा एकोणीस पोरी पदवीधर झाल्या होत्या. ही बेरीज बंडप्पांनी घरी बायकोला, सिताबाईंनाही सांगितली नव्हती.

यंदा मार्चात विद्यापीठाचं पत्र आलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी होते, त्यातले किती टिकले, किती पदवी घेऊन बाहेर पडतील, याचा अहवाल मागितला होता. पत्राचा विषय होता ‘गळतीबाबत तातडीने कार्यवाही’. शिपाई रेवणसिद्धमामांनी तेवढाच विषय वाचला आणि इमानेइतबारे नळवाल्याला बोलावून संडासाच्या टाकीवर चढवलं. ऑफिस आठवडाभर हसलं. बंडप्पा मात्र हसले नाहीत, कारण आकडे त्यांनीच काढले होते. बी.एस्सी.ला आले होते एकशे अठरा. तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले त्रेसष्ट. त्यातल्या मुली फक्त एकवीस.

त्या एकविसांतली एक शिवकन्या माने. रसायनशास्त्रात पहिली. सतरा एप्रिलला तिचे वडील आण्णासाहेब टेबलासमोर उभे राहिले. मुरूमकडच्या एका गावचे माजी सरपंच, बागायतदार माणूस, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मोजकं.

“पोरीची टीसी पायजे. अकरा मेला लग्न हाय. पुण्याचे पाहुणे हायेत. जूनमदी तिकडंच कॉलेजात घालतो म्हणालेत.”

“शेवटचं सेमिस्टर आहे, साहेब. पाच मेपासून परीक्षा. सोळाला संपते. मग घ्या की.”

“पाहुण्यांला लग्नाआधी हातात पायजे.”

बंडप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढं शिकवायचं असतं तर पाहुण्यांनी निकाल मागितला असता. टीसी मागितली ती एवढ्यासाठी, की एकदा नाव कमी झालं की हॉल तिकीट रद्द, आणि लग्नानंतर पेपरच्या निमित्तानं पोरीनं माहेरी यायचं कारणच संपलं. पण आण्णासाहेबांचा पाहुण्यांच्या शब्दावर पुरता विश्वास होता. बंडप्पा म्हणाले, “उद्या या.”

आण्णासाहेब दुसऱ्या दिवशी आले. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी. आठवड्यात चार वेळा आले. बंडप्पांनी प्रयोगशाळेची बेबाकी मागितली, ती त्यांनी आणली. दहावीच्या दाखल्याशी जन्मतारीख पडताळायची म्हणून सांगितलं, तर मूळ दाखला आणून टेबलावर ठेवला. दाखल्यांचं पुस्तक संपलंय म्हटलं, तर हा माणूस दोन तास बाकावर बसून राहिला, नजर टेबलावरच्या पुस्तकावर रोखून. असला चिवट बाप बंडप्पांनी बारा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना भीती वाटायला लागली होती. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती, आणि समोरच्या माणसाची ऊठबस कुठवर आहे ते गाव जाणून होतं.

चार मेला, पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता प्राचार्य मॅडमनी बोलावलं. आण्णासाहेब तिथंच खुर्चीत बसले होते. मॅडमच्या पुढ्यात लेखी तक्रार.

“बिराजदार, अर्ज आल्यापासून सात दिवसांत दाखला द्यायचा नियम आहे. सतरा दिवस झालेत. हे विद्यापीठाकडे गेलं तर तुमच्यावर चौकशी लागेल, आणि मला वाचवता येणार नाही.”

“मॅडम, उद्या पेपर आहे तिचा.”

“मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. “पण आज चारच्या आत दाखला द्या. सगळं नियमानं करा.”

 टेबलाशी येऊन बंडप्पांनी अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. कुठंतरी फट हवी होती. तळाशी ती सापडली. अर्ज विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात भरायचा आणि सही लिपिकासमोर करायची, असं छापलेलं होतं. हा नियम आजवर कुणी पाळला नव्हता, खुद्द बंडप्पांनीही नाही. अर्ज बापच लिहायचा, पोरीची सही घरून यायची.

“साहेब, हा अर्ज तुमच्या अक्षरात आहे. मुलीला यावं लागेल,” ते मागोमाग येऊन बाकावर बसलेल्या आण्णासाहेबांना म्हणाले.

मुरूमकडून यायचं म्हणजे दुपार टळेल, असा त्यांचा हिशोब होता. आण्णासाहेब उठले, फोन केला, आणि सव्वादोनला शिवकन्या चुलत्याच्या गाडीवरून उतरली. बंडप्पांचा शेवटचा डावही फुकट गेला.

ती टेबलापुढं येऊन उभी राहिली. बोटांना शाईचे डाग होते, म्हणजे फोन आला तेव्हा ती अभ्यासच करत असणार. डोळे सुजलेले. बंडप्पांनी कोरा अर्ज आणि पेन तिच्यापुढं सरकवलं, आणि त्याच क्षणी त्यांना मनातून शरम वाटली. बारा वर्षं ते बापांशी झुंजत आले होते. दाखले अडवले, शिक्के लपवले, खोटं बोलले. पण यातल्या एकाही पोरीला त्यांनी कधी समोर बसवून विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय पाहिजे?

“बस,” ते म्हणाले. “सगळं तुझ्याच हातानं लिही. जे लिहिशील तेच दाखल्यावर जसंच्या तसं उतरवावं लागतं मला.”

शिवकन्या लिहू लागली. नाव, वर्ग, जन्मतारीख. अक्षर रेखीव, प्रॅक्टिकलच्या वहीतलं. ‘कॉलेज सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबलं. ऑफिसातले कीबोर्डचे आवाजही तेवढ्यापुरते थांबले. सगळ्यांचे कान इकडं होते.

“विवाह लिही,” मागून आण्णासाहेब म्हणाले.

तिनं लिहिलं आणि अर्ज वळवून ठेवला. बंडप्पांनी वाचलं. मग तो आण्णासाहेबांकडं दिला.

रकान्यात दोनच शब्द होते. ‘वडिलांची इच्छा.’

आण्णासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. “हे काय लिवलीस?”

“खरं ते लिवलं, आण्णा.”

“हा कागद पाहुणे वाचणार हायेत!”

“वाचू द्या की.”

“दुसरा अर्ज द्या,” आण्णासाहेबांनी बंडप्पांपुढं हात पसरला. आवाज ऑफिसभर गेला. बंडप्पांनी दुसरा अर्ज दिला. खाडाखोड चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवकन्यानं पुन्हा नाव लिहिलं, वर्ग लिहिला, जन्मतारीख लिहिली. अक्षर याही वेळी बिघडलं नाही. त्या रकान्यात तिनं पुन्हा तेच लिहिलं आणि खाली सही केली.

“आण्णा, तुमी म्हणाल तिथं सही करते. लग्नालाबी म्या न्हाय म्हणले न्हाय,” ती म्हणाली. “पण मला कॉलेज सोडायचंय, असं माझ्या हातानं लिवून घेऊ नका. तेवढं खोटं माझ्याच्यानं होईना.”

आण्णासाहेब तो कागद धरून उभे होते. सरपंच असताना शेकडो अर्जांवर त्यांनी सह्या केल्या होत्या, दुसऱ्यांची कारणं वाचून. स्वतःचं कारण ते पहिल्यांदाच वाचत होते. बंडप्पांना वाटलं, आता हा माणूस कागद फाडतो, नाहीतर पोरीच्या कानाखाली ओढतो. ते खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

आण्णासाहेबांनी कागद खाली ठेवला. “सर, खरं सांगा. ही टीसी नेली, तर पुण्यात ही पुढं शिकंल का?”

बंडप्पांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “साहेब, या टेबलावर माझी सव्वीस वर्षं गेली. लग्नासाठी शेवटच्या सेमिस्टरला टीसी नेलेल्या एकाही पोरीची चौकशी करायला कुठल्या दुसऱ्या कॉलेजचं पत्र मला आलेलं नाही. एकाही पोरीचं.”

 मग आण्णासाहेबांनी खिशातून फोन काढला. बाहेर जाऊन बोलतील असं वाटलं होतं, पण ते तिथंच, टेबलाला टेकून बोलले.

“हां पाहुणे, आण्णासाहेब बोलतोय... टीसी न्हाय काढली... न्हाय न्हाय, मिळत व्हती, म्याच न्हाय घेतली... सोळापर्यंत पेपर हायेत पोरीचे. अकराला अक्षता पडल्या तरी ती परीक्षा देणार, तुमी न्हाय म्हणलात तर तारीख पुढं घेऊ... तसं कसं? तुमीच म्हणलाव्हता शिकवणार म्हणून...”

पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, शब्द कळत नव्हते. शिवकन्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती. आण्णासाहेब ऐकत राहिले, मानेवरची शीर ताठ झाली.

“करा मग इचार,” ते शेवटी म्हणाले. “आमीबी करतो.” आणि फोन ठेवला.

लग्न राहिलं का मोडलं, ते कुणालाच कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नाही. रुमालानं त्यांनी तोंड पुसलं. मग कोरड्या आवाजात विचारलं, “हॉल तिकीट कुठं मिळतंय?”

बंडप्पांनी आधीच आणून ठेवलेलं खणातून काढून दिलं.  आण्णासाहेबांनी ते लांब धरून ओठ हलवत वाचलं. ‘माने शिवकन्या आण्णासाहेब’ या ओळीवर थांबले, मग खाली वेळेपाशी आले.

“दहाचा पेपर हाय व्हय?” ते लेकीकडं न बघता म्हणाले. “मग आठला निगावं लागंल. चल, घरी चल, तुझा अभ्यास राहिलाय.”