हात मागे घे, दादा

माझ्या मुलीला पहिला घास कोणी भरवला, असं बोर्ली पंचतनच्या बाजारात बायका मला अजून विचारतात. उत्तर त्यांना ठाऊक असतं. माझ्या तोंडून ऐकलं की त्यांना हळहळता येतं, एवढाच त्यातला फायदा. कोणीच नाही भरवला, मी सांगते, आणि पुढची भाजी निवडायला लागते.

आमच्याकडे उष्टावण मामाच्या हातून होतं. मामा भाचीला मांडीवर घेतो, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठांना लावतो आणि मग घास भरवतो. त्याच्या आधी पोराच्या तोंडात अन्न जात नाही. मामा भांडलेला असो, पिणारा असो, त्या दिवशी त्याला शोधून आणतात. माझ्या मुलीला मामा आहे, सख्खा आहे, मुरुडला त्याचा लॉज आहे. त्याचा हात तिच्या तोंडाला लागू द्यायचा नाही, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी काढलेली नाही. आमच्या मुरुडच्या घरात पडवीच्या टोकाला आईची खोली होती. दादा त्या खोलीत जन्मला, मीही तिथेच. आई गेली तीही तिथेच. ती गेल्यावर दादाने घराचा लॉज केला, एकेका खोलीच्या दारावर नंबरची पाटी लावली, आणि आईची खोली झाली तीन नंबर. मी तेव्हा काही बोलले नाही. धंदा मलाही कळतो.

सातव्या महिन्यात भावाने बहिणीला न्यायला यायचं असतं. दादा म्हणाला, दिवाळीची गर्दी ओसरू दे. दिवाळी झाली तशी म्हणाला, शाळांच्या सहली आहेत. डिसेंबरात मीच फोन केला.

"बाय, नाताळ ते एकतीस सगळं फुल्ल आहे गो," तो म्हणाला. "आईची खोलीपण गेली. तू जानेवारीत ये ना, निवांत."

"जानेवारीत काय घेऊन येऊ? पोट की पोर?"

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

मुलगी नाताळानंतरच्या आठवड्यात झाली. मला कळा येत होत्या तेव्हा माझ्या आईच्या खाटेवर कुठलंतरी जोडपं समुद्राचे फोटो काढून दमून झोपलं असेल. सासूने माझं सगळं केलं. तेल लावलं, शेक दिला, हळिवाचे लाडू वळले. ती हात आखडणारी बाई नाही, पण तोंडही आखडत नाही. बाळाला बघायला येईल तिला ती सांगायची, "हिला माहेरचं कोणी न्हाय हो. भाऊ हाय, पण त्याला गिऱ्हाइकं हायत." बायका च्‌ च्‌ करायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजायचे. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

माझा धंदा शहाळ्यांचा. दिवेआगरला रस्त्याच्या कडेला छत्री लावून सुरू केला, आता नवऱ्याच्या टेम्पोतून हॉटेलांना माल जातो. बागवाल्याकडून मी माडावरची शहाळी माडावरच विकत घेते. खाली उभं राहायचं, वर बघायचं, भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. त्यानंतर जो आधी बोलतो तो उतरतो. भले भले बागवाले त्या गप्पपणात विरघळलेले मी पाहिलेत. माल कोणाच्या गळ्यात मारायचा नाही. समोर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा.

मुलगी चार महिन्यांची असताना दिवेआगरच्या एका हॉटेलात माल उतरवत होते. जेवणाच्या पडवीत एक शहरातलं कुटुंब बसलं होतं. त्यांचं बाळ खुर्चीत ताठ बसून उकडलेलं गाजर स्वतःच्या मुठीत धरून चघळत होतं. आई शेजारी तिचं तिचं जेवत होती. कोणी काऊ-चिऊ दाखवत नव्हतं, कोणी चमचा घेऊन मागे लागलेलं नव्हतं. बाळाने गाजर टाकलं, भोपळ्याची फोड उचलली, उलटसुलट करून बघितली आणि तीही टाकली. मी मनात म्हटलं, हे गिऱ्हाईक पक्कं आहे.

लसीच्या वेळी मी आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, याला बेबी लेड वीनिंग म्हणतात. सहा महिने पूर्ण होऊ द्या. मान धरून नीट बसायला लागली, तुमच्या ताटावर झडप घालायला लागली, की द्या. दोन बोटांत दाबल्यावर चेचली जाईल इतकी मऊ फोड, बोटाएवढी लांब. मीठ नाही, साखर नाही, मध नाही. समोरून हलायचं नाही. सुरुवातीला ती ओकारी काढेल, लाल होईल, खोकेल. आवाज येतोय तोवर तिचं तिला निस्तरू द्या, बोट घालायला जाऊ नका, बोटाने घास आत जातो. आवाज बंद झाला तर मात्र धोका. मग काय करायचं, पोरीला हातावर पालथं कसं घ्यायचं आणि पाठीत कुठे थापट्या द्यायच्या, ते त्यांनी बाहुली घेऊन करून दाखवलं आणि माझ्याकडूनही करून घेतलं.

"म्हणजे कोणीच भरवायचं नाही?" मी विचारलं.

"ती स्वतः खाईल."

मी त्यांना परत एकदा विचारलं. इतका सोयीचा माल मला इतक्या सहज कधी मिळाला नव्हता.

सासूला सांगितलं तेव्हा ती नाचणी भाजत होती. "भरवल्याबगर पोर जगतं व्हय? तुझ्या नवऱ्याला मी चार वर्षं भरवलाय."

"म्हणूनच अजून ताट वाढल्याशिवाय त्याला भात कुठे आहे ते दिसत नाही."

सासूने नाचणी जास्त जोरात हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मामा? त्याचा मान?"

"मामाला खोल्यांचं बघायचं असतं."

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. सातवा लागला तो जुलैत. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आवाजात लोणी. "बाय, कधी करायचं उष्टावण? मी कधीही येतो. मोकळाच आहे." असणारच. जुलैत मुरुडला कुत्रं फिरत नाही. मी म्हटलं, रविवारी ये. भरवायचं नाही हे सांगितलं नाही. आधीच सांगितलं असतं तर त्याने फोनवरच चार माणसं मध्ये घातली असती. सौदा समोरासमोर करावा.

तो आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरला आणि तिथून रिक्षाने आला, भिजून. हातात चांदीची वाटी, फ्रॉक, मिठाईचा खोका. सासूने आळीतल्या बायका बोलावल्या होत्या. पाट मांडला होता, रांगोळी होती, निरांजन होतं. औक्षण झालं. खीर मी केली होती, तांदळाची, नारळाच्या दुधातली, आणि दादाच्या वाटीत काढली होती. मुलीला मी माझ्या मांडीवर ताठ बसवलं आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. ताटात उकडलेल्या दुध्याच्या फोडी, लाल भोपळा, पिकलं केळं.

दादाने मांडी घातली आणि हात पुढे केले. "दे तिला."

"ती इथेच बसेल. आणि तिला कोणी भरवणार नाही. ती तिच्या हाताने खाईल."

दादाने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "माझ्याकडं नको बघू. डाक्टरीण हाय हिच्या बाजूला."

"बरं, नुसती अंगठी लावतो ओठाला," दादा म्हणाला.

"नाही."

"खिरीतली साखर नडते का? बिनसाखरेची काढ."

"बिनसाखरेचीच आहे."

"मग एक शीत. एक शीत, बाय. रीत म्हणून."

माडाखाली उभा असलेला बागवाला असाच उतरतो, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला म्हणतो, आता याच्या खाली नाही. मी त्याला पुरता उतरू दिला. मग माझा भाव सांगितला.

"डिसेंबरात आईची खोली कोणाला दिली होतीस ते सांग. इथे. या सगळ्यांसमोर. मोठ्याने. मग लाव अंगठी."

त्याचा चेहरा पडला. "आज ते कशाला?"

मी गप्प.

"सीझन होता गो."

"सीझन माझाही होता."

एक बाई खोकली. दादा कानापर्यंत लाल झाला. "वर्षाचं उत्पन्न त्या आठ दिवसांत होतं. तुला धंदा कळतो ना? तूच सांग, ॲडव्हान्स घेतलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं असतंस?"

"आणि बहीण परत पाठवतात का?"

"तुला मी येऊ नको म्हटलं नव्हतं. जानेवारीत ये म्हटलं होतं."

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आवाज आळीच्या टोकापर्यंत गेला, हे नंतर नवऱ्याने सांगितलं. तो टेम्पो धुवायचं निमित्त करून आधीच बाहेर पळाला होता. दादाही मागे राहिला नाही. माझी जीभ विळीसारखी आहे, आईलाही मी असंच तोडून बोलायचे, छत्रीखाली शहाळी विकणारीने एवढा तोरा करू नये, असं सगळं तो बोलला. ती छत्री मी कोणाकडे मागायला गेले नव्हते, हे मी त्याला सांगत होते.

तेवढ्यात सासू म्हणाली, "अगो, पोरीनं खाल्लं."

मी खाली बघितलं. मुलीच्या मुठीत दुध्याची फोड होती आणि फोडीचं टोक नव्हतं. ज्या घासावरून घर डोक्यावर घेतलं होतं तो तिने आम्ही भांडत असतानाच घेऊन टाकला होता. माझ्या मांडीवर बसून घेतला आणि मी तो पाहिला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लक्ष ठेवा. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. तोही हिशोब मी त्याच्याच नावावर मांडला.

मग तिची जीभ बाहेर आली. डोळे भरले, तोंड लाल झालं आणि ती ओकारी काढायला लागली. बायका उठल्या. दादाने झेप घेतली आणि तर्जनी सरळ करून तिच्या तोंडाकडे नेली. मी त्याचं मनगट पकडलं.

"अगो सोड, अडकलंय तिच्या घशात."

"आवाज येतोय. हात मागे घे, दादा."

"मरेल ती."

"हात मागे घे."

मी रोज शहाळी उचलते, माझी पकड हलकी नाही. दुसऱ्या हाताने मुलीला मांडीवर ताठ धरून ठेवलं. ती खोकली. पुन्हा खोकली. मग दुध्याचा चेचलेला गोळा जिभेवरून पुढे आला, हनुवटीवर घसरला आणि ताटात पडला. तिने त्याच्याकडे रागाने बघितलं आणि उरलेली फोड परत तोंडात घातली.

बायका एकदम बोलायला लागल्या. सासूने मुलीच्या अंगावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली. त्या गलक्यात दादा माझ्यासमोर बसलेला होता. मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. तो ताटाकडे बघून बोलला.

"आईची खोली मी पुण्याच्या लोकांना दिली. तुला आणायला यायला हवं होतं."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

ऐकलं होतं. पण माझ्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. भाव सांगितला होता सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्याने चुकता केला गलक्यात, हळू. असला व्यवहार मी पुरा धरत नाही. अर्धा धरते. म्हणून मीही त्याला अर्धंच दिलं. "वाटी तिच्यासमोर ठेव," मी म्हटलं, "आणि हात मांडीवर."

त्याने वाटी ठेवली. अंगठी खिशात परत गेली. तो खरंच हात मांडीवर ठेवून बसला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मुलीने वाटीचा काठ धरला, ओढली आणि उपडी केली. खीर पाटावर, रांगोळीवर, दादाच्या पँटवर. मग तिने पाटावरच्या खिरीत पंजा थापला आणि पंजा चाटला.

"झालं गो बाय, मामाचं पोटात गेलं," सासूने जाहीर करून टाकलं. बायकांनी माना डोलावल्या. आळीच्या हिशोबी उष्टावण झालं. दारातल्या कोंबड्या आत शिरून सांडलेलं टिपायला लागल्या तशी सासू म्हणाली, "आणि ह्यांचंबी झालं."

दादा जेवून गेला. मी वाढलं, पण आग्रह केला नाही. त्याने लागेल ते मागून घेतलं. निघताना त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तोही आधी माझ्याकडे बघून.

आता मुलगी भाकरीचा मऊ तुकडा, काटे काढलेला मासा, सगळं स्वतःच्या हाताने खाते. अर्ध्याहून जास्त जमिनीवर जातं आणि सासू रोज त्यावरून मला ऐकवते, पण नाचणीचा चमचा तिने फळीवर ठेवून दिला आहे.

नोव्हेंबरात दादाचा फोन आला. "या नाताळात तीन नंबर कोणाला देणार नाही. पोरीला घेऊन ये. किती तारखेला येतेस?"

"तारीख विचारू नकोस. खोली उघडी ठेव. यायचं की नाही ते आम्ही बघू."

"अगो, पण मला कळायला नको का?"

मी गप्प बसले. तो पुढे बोलायला लागला, खाट नवी केली, मच्छरदाणी आणली, असं बरंच. मी फोन ठेवला.

परवा नवरा मुरुडला माल द्यायला गेला होता, त्याला मी ती खोली बघून यायला सांगितलं. खोली रिकामी आहे, म्हणाला, झाडलेली आहे, दारावरची पाटीही काढली आहे.

"आणि खिळा?" मी विचारलं.

"कसला खिळा?"

"पाटी लावायचा. तो असला की पाटी परत लागते."

तो आठवून म्हणाला, "खिळा आहे."

मग मी बॅग माळ्यावरून काढली नाही. खिळा निघू दे.