साडेअकराच्या नोंदी

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण भाजी निवडता निवडता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही ठेवायची इच्छा नाही. घडलं ते सांगते. कुणाला कारण सापडलं तर कळवा, मला खरंच हवंय.

विरार पूर्वेला, चंदनसारला आमचा वन बीएचके. मी आणि सासूबाई. मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. ‘हूं’सुद्धा नाही. काही विचारलं तर डाव्या हाताने माझा हात दाबतात — दाबला म्हणजे हो. मी दिवसभर ऑफिसात, घरी सांभाळायला सुनंदाताई. खरं सांगायचं तर मी थकले होते. पुढच्या आठवड्यात त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं मी ठरवून टाकलं होतं. त्यांना न सांगता.

सासूबाईंच्या खोलीतला तो बोलणारा स्मार्ट स्पीकर माझ्या मुलाने, तेजसने, गेल्या वर्षी बंगळूरहून पाठवला. आजीशी बोलता येईल म्हणून.

मी म्हटलं, "हे डबडं घरातलं सगळं ऐकून कंपनीला पाठवतं म्हणे."

"आई, आपल्याकडे ऐकण्यासारखं आहे काय? कुकरच्या शिट्ट्या?"

तरी डोक्यातून जाईना. एका रविवारी फोनवर स्पीकरचं ॲप उघडून बसले, त्यात साठवलेलं रेकॉर्डिंग पुसायला. माझे अलार्म, तेजसचे कॉल... आणि रोज साडेअकराच्या सुमारास एकदोन नोंदी. लावून ऐकल्या.

"कोन हाय घरात?"

"विहिरीला पानी हाय का?"

त्यावर स्पीकरचं ठरलेलं — "माफ करा, मला समजलं नाही."

आवाज सासूबाईंचा. चांदीपच्या माहेरचा तोच ठसका. पंचवीस वर्षं त्या आवाजात बोलणी खाल्लीत, ओळखायला चुकणार नाही. पण स्पीकर घरात आला तो त्यांची वाचा गेल्यावर दोन वर्षांनी!

सुनंदाताईंना विचारलं. "त्या टायमाला मी खाली भाजीला जाते, ताई. पंधरा मिनिटं. टीव्ही बंद असतो, आजी झोपलेल्या." मग जरा रागाने, "मी नक्कल करते असं वाटलं की काय? मी जळगावची. मला नाही जमायचं ते."

मंगळवारी रजा टाकली. सुनंदाताई खाली गेल्या. मी पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले, नजर सासूबाईंच्या तोंडावर. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. पंख्याशिवाय आवाज नाही.

स्पीकरचा निळा दिवा लागला. "माफ करा, मला समजलं नाही."

फोनवर नवी नोंद आली होती. लावली.

"आज ही घरी कशी?"

मान वर केली तर सासूबाई टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या.

मी त्यांचा हात धरला. "आई, तुम्ही बोललात?"

हात हलला नाही.

"मागचं पण सगळं ऐकलंय मी. पुसून टाकू?"

इतका जोरात दाबला, की बांगडी रुतली.

पुसलं सगळं. कंपनीच्या नावाने खडे फोडत होते, आणि चोरून ऐकणारी मीच निघाले.

मग म्हटलं लपवाछपवी पुरे. केंद्राचं सांगितलं. "मी दमलेय, आई. जाल का तिकडे?"

हात हातातच राहिला. दाबला नाही, सोडलाही नाही.

केंद्राला फोन करून सध्या नको म्हणून कळवलं. थकवा आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, वाचा परत यायचं काही लक्षण नाही. तेजस म्हणाला, "एक तरी रेकॉर्डिंग ठेवायचं होतंस, मी ऐकलं असतं."

"तुझ्यासाठी नव्हतं रे ते. माझ्यासाठीपण नव्हतं."

स्पीकर काढू का, तेही सासूबाईंना विचारलं. हात दाबला नाही. म्हणून तो आहे तिथेच आहे, ॲप तेवढं मी माझ्या फोनवरून काढून टाकलं. साडेअकराला त्या खोलीत काय होतं, मला माहीत नाही.