बाईंनी शेंदलेलं पाणी

सोनुले बाई चिडल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. आम्ही बाकीचे मास्तर ओरडायचो, छड्या आपटायचो. बाई हळू बोलायच्या आणि समोरच्याला घाम फुटायचा. गोरेगाव या खेड्यातल्या शाळेत माझा वर्ग त्यांच्या शेजारी होता. एकदा गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं सातवीतली मुलगी घरी बसवली. बाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी गणितात पहिली येऊन राहिली. तिला काहून बशिवली, ते सांगा. तवर मी उठत न्हाई." तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली.

बाई बौद्ध होत्या. शाळेत माठ असूनही त्या पिण्याचं पाणी घरून तांब्यात आणत. का आणतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

पंचाहत्तर साली दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात-आठ शिक्षक हेडमास्तरांसोबत गोव्याला गेलो. पोर्तुगीज जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण समुद्रकाठच्या त्या खेड्यात घरं, क्रूस आणि म्हाताऱ्यांचे झगे अजून त्यांच्याच काळातले होते. एका ख्रिस्ती विधवेच्या घरी आम्ही उतरलो होतो. शेवटच्या दिवशी कुठे जायचं नव्हतं. हेडमास्तर माडाखाली आडवे झाले. बाईंनी समुद्र प्रथमच पाहिला होता. साडी भिजवून त्या सकाळभर लाटांत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् कुणाच्या मालकीचं न्हाई." इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच खुशीत दुपारी त्यांनी विधवेच्या विहिरीचं पाणी शेंदलं आणि सगळ्यांसाठी कळशी भरून पडवीत ठेवली. त्या आत गेल्या. हेडमास्तर उठले, इकडेतिकडे पाहिलं, कळशी माडाच्या बुडाशी उपडी केली आणि स्वतः पाणी शेंदू लागले. मी पेला घेऊन चार पावलांवर उभा होतो. बाई दारात आल्या होत्या.

त्या अगदी हळू म्हणाल्या, "सकाळपून मी समुद्रात बसली हाय, गुरुजी. तोबी उपसून टाका."

हेडमास्तर म्हणाले, पाण्यात पान पडलं होतं. विधवेला आमची भाषा नीट कळत नव्हती, पण झालेलं कळलं. तिनं हेडमास्तरांच्या हातातला दोर काढून घेतला, पाणी ओढलं, पहिला पेला बाईंना दिला आणि त्यांचं उरलेलं स्वतः प्यायली. त्या परक्या म्हातारीला जे सुचलं ते आम्हा शिकलेल्यांना सुचलं नाही. आजही माझं डोकं त्यानं तापतं.

परत आल्यावर बाईंनी लेखी तक्रार केली. साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मला गावातली शेती सोडून बदलीवर जायचं नव्हतं. मी सांगितलं, पान पडलं असेल, माझं लक्ष नव्हतं. साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं, हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि चौकशी संपली.

महिन्याभरात बाईंची शिरड शहापूरला बदली झाली. आदेशात 'विनंतीवरून' असं लिहिलं होतं. बाईंनी विनंती केलीच नव्हती. त्या शब्दापायी मला आदेश काढणाऱ्यापेक्षा माझीच जास्त चीड येते. तो लिहायची सोय मीच करून दिली होती.

त्या निघाल्या त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर गेलो. माझ्यावर रागावलात का, असं विचारलं. आता वाटतं, विचारण्यातही माझाच स्वार्थ होता.

त्या म्हणाल्या, "हेडमास्तरवर माझा राग हाय, अन् तो ऱ्हाईल. तुमच्यावर काहून करू, सर? तुमी तर तिथं नव्हतेच."

मी होतो, एवढंच म्हणायचं होतं. गाडी सुटायला अवकाशही होता. मी त्यांची ट्रंक उचलली आणि टपावर चढवून दिली.