बेल्ह्याच्या बाजारातला तांबडा बैल

शिंगांना चोळलेल्या तेलाचा वास आला, की मला बेल्ह्याचा बैलबाजार आठवतो. माझा बाप्तिस्मा होऊन तीनच महिने झाले होते. थोरला भाऊ रामा आमचा तांबडा बैल विकत होता. औताला जुंपला की तो बैल खाली बसायचा. असली खोड झाकण्यात पूर्वी मीच पटाईत होतो.

घाटघरच्या एका म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "भाऊ, काई खोड न्हाई न्हवं?"

मी सांगितलं, "हाय, पावणं. औताला जुंपला की बसतो त्यो."

म्हातारा निघून गेला. रामानं खुंट्याचा कासरा सोडला. "तुज्या येशूनं माजा भाऊ नेला," एवढंच म्हणाला आणि बैल घेऊन चालू लागला.

ख्रिस्ताशी एक झालेल्या माणसाच्या दुःखात ख्रिस्त स्वतः असतो, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगायचे. त्या दिवशी धुळीच्या वाटेनं एकट्यानं रडत परतताना मला तो कुठंच जाणवला नाही. आज वाटतं, ते दोन खरे शब्द बोलायचं बळ माझं नव्हतंच; ख्रिस्त तेव्हाच जवळ होता.

रामा पुन्हा माझ्याशी बोलला नाही. तो वारल्याचं मला आठवड्यानं मंचरला एका परक्या माणसाकडून कळलं. तरी पुन्हा कोणी विचारलं, तर मी तेच सांगेन, आणि पुन्हा तेवढाच रडेन.