सलीमभाईंना चंद्र दिसेना

गेल्या डिसेंबरातला एक रविवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कर्जतजवळच्या कशेळे गावी बाजारामागच्या मैदानात मी माझी दुर्बीण मांडली होती.

मी खोपोलीला, शिळफाट्याजवळ राहते. कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. ही दुर्बीण घरीच केलीय... आतला आरसा चार महिने स्वयंपाकाच्या ओट्यावर हाताने घासला, आणि नळी म्हणून पाण्याचा जाड पाइप. 'ते शिकलेल्यांचं काम' म्हणून लांब राहणाऱ्यांनाही एकदा डोळा लावायला मिळावा, एवढीच हौस. घराबाहेर न्यायची ही पहिलीच वेळ.

कर्जतहून मी सलीमभाईंच्या जीपने आले. ते पन्नाशीचे असतील, याच रस्त्यावर रोज सीट भरून जीप चालवतात. दुर्बिणीखाली त्यांनी स्वतःची चादर घडी करून घातली होती. तरी दोन-तीन खड्डे असे बसले की माझा सगळा जीव त्या आरशात...

आकाशात अर्धा चंद्र होता. बाजार उरकून निघालेल्या बाया आधी लांबूनच बघत होत्या. मग भाजी विकणाऱ्या हिराबाई पुढे आल्या, आणि डोळा लावला तो काढेचनात.

"खड्डे हायत गं चंद्रावर. आपल्या रस्त्यासारखे," त्या मागच्या बाईला म्हणाल्या. झालं, रांगच लागली.

सगळ्यांचं बघून झाल्यावर सलीमभाई आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. "ताई, मला काय दिसत नाय. नुसतं धुकं हाय."

आरसा हलला असणार... मी घाईने डोळा लावला, तर चंद्र अगदी स्वच्छ. फोकस जरा फिरवून परत त्यांना दिलं. परत धुकंच.

"दुसऱ्या डोळ्याने बघा," मी सहज म्हणाले.

त्यांनी डावा डोळा लावला. "आता दिसतोय की." मग सरळ उभे राहून, एकेक डोळा हाताने झाकत समोरच्या दुकानातल्या बल्बकडे बघत राहिले. "मला वाटलं गाडीची काच जुनी झालीय," ते हळूच म्हणाले.

बरेच महिने समोरून गाडी आली की त्यांना उजेड फुटल्यासारखा दिसायचा. काच दोनदा पॉलिश करून घेतली होती. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा, त्यामुळे उजव्याचं कळलंच नव्हतं.

परतीच्या सीट भरल्या होत्या. त्यांनी स्टँडवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरला बोलावून चावी दिली आणि स्वतः मागे माझ्या शेजारी येऊन बसले. कर्जत येईपर्यंत एकदाच बोलले... "आमच्या अब्बांची नजर गेली होती, ताई. दोन्ही डोळ्यांची."

पुढचे दोन दिवस मनात तेच... माणसांना आनंद द्यायला म्हणून गेले, आणि एकाच्या घरात केवढी भीती नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. मोतीबिंदू, चांगला पिकलेला... पण आतला पडदा शाबूत. "अब्बांचं येगळं होतं म्हणाले. ऑपरेशन केलं की दिसंल." मी हातातली बाटली खाली ठेवली आणि स्टुलावर नुसती बसून राहिले. किती दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मधे जीप त्यांच्या भावाने चालवली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सलीमभाई परत स्टिअरिंगवर बसले. परवा कर्जतला भेटले, तेव्हा डावा डोळा झाकून लांबच्या एसटीची पाटी मला वाचून दाखवत होते... शाळेत धडा वाचावा तशी, एकेक अक्षर.

हल्ली कुठेही दुर्बीण नेली की मी प्रत्येकाला सांगते, आधी उजव्या डोळ्याने बघा, मग डाव्या. लोकांना वाटतं, चंद्र बघायची हीच पद्धत असते...

वाटू दे.