उपासवाले अभ्यासक

मी मॅट्रिकला असताना नागपुरातल्या आमच्या बौद्ध वस्तीत एक गृहस्थ लोकांचं खाणंपिणं अभ्यासायला आले. नाव विसरलो, त्यांचा थर्मास आठवतो. आई चुलीवरच्या उलट्या मडक्यावर लांब पोळी टाकायची. ते फोटो काढायचे, पट्टीने पोळी मोजायचे आणि "केवढी थोर परंपरा" म्हणायचे. आईने ताट पुढे केलं की त्यांचा उपास निघायचा. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, बुधवारीही उपास. पाणीसुद्धा थर्मासमधलंच.

बुधवारी निघताना त्यांनी वही उघडली. "चवीला कशी लागते हो?"

आई मान वर न करता म्हणाली, "लिहा ना भाऊ, तीन दिवस मोजली, खाऊन नाही पाहिली."

पुढे त्यांचं पुस्तक निघालं. पोळीची लांबी बरोबर होती. चव 'अवीट' लिहिली होती.